मशीनचे पाय

‘‘पाय! अगं, पाय कुठं गेले तुझे?’’

पपांचा आवाज चॅपलच्या छतावर आपटला आणि तिथं बसलेली झाडून सगळी कबुतरं खिडकीतून बाहेर पडली. असं ऐकलं होतं की त्यातली काही पुढं चांदबीबीच्या महालापर्यंत जाऊन राहिली, ती परत आलीच नाहीत. मी ऑर्गनवर, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या पायपेटीवर, बसले होते. पाय जागेवरच होते, बोटंही जागेवर होती. पण पेटीतून जे निघत होतं त्याला गीत म्हणणं अवघड होतं. एक सूर यायचा, मग हुस्स, मग काहीच नाही, मग पुन्हा एक सूर. दम्याची म्हैस घाट चढताना असा आवाज करते. समोर कॉलेजची पोरंपोरी तोंडं उघडी ठेवून पुढच्या सुराची वाट बघत उभी होती आणि सोप्रानोच्या, म्हणजे वरच्या सुराच्या, ओळीत माझी थोरली बहीण, शालूअक्का, पुस्तकात डोळे घालून उभी होती. तिला पेटीजवळ यायची बंदी होती.

‘‘इथंच आहेत पाय,’’ मी म्हणाले.

‘‘असून काय उपयोग? डावा, उजवा. डावा, उजवा. एक खाली तर एक वर. तू काय बेडूक आहेस, दोन्ही एकदम मारायला?’’

टेनरच्या ओळीतला एक पोरगा हसला. पपांनी हातातली काठी त्याच्याकडे वळवली. ‘‘हसायला श्वास आहे तुझ्याकडं. शेवटच्या ओळीला कुठं जातो तो?’’ पपा माझ्याकडे वळले आणि आता ते ओरडले नाहीत, हलक्या आवाजात म्हणाले, ‘‘सुने, तुझ्यानं होणार नाही हे.’’ त्यांच्या आवाजात मला चक्क समाधान ऐकू आलं. मी अक्काकडे पाहिलं. तिनं पुस्तकाचं पान उलटलं, आणि ते चुकीचं पान होतं.

पायपेटी कधी न पाहिलेल्यांसाठी सांगते. ती दिसायला कपाटासारखी. वर काळ्यापांढऱ्या पट्ट्या, खाली दोन पायडलं, आणि पोटात कातड्याचा भाता. पाय चालले तर भाता भरतो, भाता भरला तर सूर निघतो. पाय थांबले की वर बोटांनी कितीही आदळआपट करा, लाकूड वाजल्याचा आवाज येतो. म्हणजे वाजवणारी बाई वरून देवदूतासारखी शांत बसलेली दिसते आणि खाली सारखी कुठंतरी चालत निघालेली असते. अक्का अशी तिच्या लहानपणापासून चालत होती. तिचे पाय पोचत नव्हते तेव्हा पपांनी पायडलांना लाकडी ठोकळे बांधले होते. माझा हिशेब असा आहे की त्या पेटीवर बसल्याबसल्या अक्का इथून निघून जेरुसलेमला जाऊन परत आली असती, आणि वाटेत मुंबईही बघून झाली असती. प्रत्यक्षात ती भिंगारच्या पलीकडे गेली नव्हती.

पपा आठवडाभर भिंगारात मिलिटरीच्या एका कचेरीत कारकून होते. तिथं त्यांच्यावर कुणीही ओरडावं. भर उन्हाळ्यात त्यांच्या टेबलावरचा पंखा दुसरा कुणी उचलून न्यायचा आणि पपा पुठ्ठ्यानं वारा घेत फायली लिहायचे. पण रविवारी ते नगरला कॉलेजच्या चॅपलमध्ये उभे राहिले की वेगळा माणूस. एका गोऱ्या मिशनरी बाईनं त्यांना सारेगम शिकवून त्यांच्या हातात शिसवीची एक बारीक काठी दिली होती. बाई आपल्या देशी गेली, काठी राहिली. ती वर गेली की सगळ्या क्वायरचा, म्हणजे गाणाऱ्या मंडळींचा, श्वास आत, खाली आली की सूर बाहेर. मी उपासना घेणाऱ्या पाळकसाहेबांनासुद्धा तिच्याकडे बघून चुकून श्वास घेताना पाहिलंय. ज्याचा पंखा कुणीही न्यावा अशा माणसाच्या काठीवर एवढी माणसं श्वास घेतात, यात त्याला काय मिळत असेल ते मला आता या वयात कळतं. तेव्हा मला ती काठी चुलीत घालावीशी वाटायची.

कारण त्या काठीनं अक्काला धरून ठेवलं होतं. क्वायरमधलं कायमचं असं काहीच नव्हतं. कॉलेजची पोरं परीक्षा झाली की निघून जायची. ऐन जमलेला बास, म्हणजे खालचा गळा, दर उन्हाळ्यात गायब. नव्या वर्षी नवे गळे, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. न बदलणारी माणसं तीनच. काठी घेऊन पपा, मागच्या ओळीत बास गाणारा विश्वासमामा, आणि पेटीवर अक्का. मामा म्हणजे आईचा भाऊ. मिलिटरी बँडमध्ये उमेदवारी करून आलेला, छाती अशी की त्यानं खालचा सूर लावला की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांचे चष्मे नाकावरून घसरायचे. तोही तसा कायमचा नव्हताच, तिसगावाकडे त्याची थोडी जमीन होती, पण शनिवारी यष्टीनं यायचाच.

अक्काला स्थळं यायची. पपा मुलाचं शिक्षण विचारत नसत, घरदार विचारत नसत. चहा झाला की ते खिशातून सुराचा चिमटा काढायचे, गुडघ्यावर आपटून त्या बिचाऱ्याच्या कानाशी धरायचे आणि म्हणायचे, ‘‘हा सा. द्या बरं.’’ एकाला नाकात गातो म्हणून परत पाठवलं. एकजण नाशकाकडचा होता, तो इतका सुरेख गायला की पपांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्याला सांगितलं, तुम्हीच इकडं राहायला या, टेनरला माणूस नाही. तो चहा अर्धा टाकून गेला. एकाला विचारलं, तुम्ही कोणता भाग गाता, तर तो म्हणाला, मी ऐकतो. ‘‘ऐकणारे आमच्याकडं पुष्कळ आहेत,’’ पपा म्हणाले. खरं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तोंडातून काढत नव्हतं. परीक्षेत पास झालेला जावईसुद्धा शेवटी अक्काला घेऊनच गेला असता. अक्कानं सव्विशी ओलांडली. शेजारच्या क्वार्टरमधल्या बायका आईला विचारायच्या, काही दोष आहे का पोरीत. आई म्हणायची, दोष आहे, पेटी येते.

ते दुष्काळाचं वर्ष. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापावी तर परातीत परत आकसून बसायची, आणि भाजून झाली की चपलेला तळवा म्हणून ठोकता आली असती. शेजारच्या मिलिटरीवाल्यानं ठोकली असंही मी ऐकलं होतं. आई त्या भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी वाटायची, आणि कुठून हुलगे मिळाले तर शेंगोळे करायची. शेंगोळे शिजायला लागले की त्या लसणाच्या वासानं सगळी ओळ दारात येऊन उभी राहायची. दिवसभर दूरच्या माळावर रणगाड्यांचा सराव चालायचा, धडाम्‌ धडाम्‌, आणि तेवढ्यात घरात आईचं शिलाई मशीन, खटखटखट. पाणी टँकरनं. टँकर यायचा कधी, ते खुद्द देवाला ठाऊक नव्हतं.

त्या दिवसांत मामानं दिनकर मास्तरांचं स्थळ आणलं. ‘‘दाजी,’’ तो पपांना म्हणाला, ‘‘पोरगा तिसगावच्या शाळंत मास्तर हाय. निर्व्यसनी हाय. गायला तेवढं येत न्हाई. ते सोडून बघा.’’

मास्तर आले, आईबरोबर आले. लांबट, उन्हानं रापलेले, शर्टाची वरची गुंडी लावलेली. चहा झाला. पपांनी चिमटा आपटला. मास्तरांनी डोळे मिटून मनापासून जो आवाज काढला त्याला पलीकडच्या क्वार्टरमधल्या शेळीनं उत्तर दिलं. मी वाढवून सांगते म्हणतात लोक, पण शेळीचं खरं आहे.

‘‘हा कुठला सूर?’’ पपांनी विचारलं.

‘‘माझाच आहे, साहेब,’’ मास्तर म्हणाले. ‘‘दुसरा नाही माझ्याकडं.’’

पडद्याआड अक्का हसली. ती शेवटची कधी हसली होती ते मला आठवेना. दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत हंड्यावर बसल्याबसल्या ती मला म्हणाली, ‘‘सुने, त्यांच्या घरात पेटी नाही. मी मामाला विचारून घेतलं. गावात चॅपलही नाही. रविवारी झाडाखाली बसून टाळ वाजवतात.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय. मला तिथं जायचंय.’’

पपांनी नाही म्हणून टाकलं होतं. पण मास्तरांच्या आईनं मामाकडून निरोप धाडला, ईस्टरपर्यंत काय ते सांगा, आम्ही भंडारदऱ्याकडची एक नर्स बघून ठेवलीय. तो निरोप ऐकून आईनं मशीन थांबवलं. आमच्या घरात मशीन थांबणं म्हणजे रणगाडे थांबण्यासारखं होतं.

‘‘शालूला जाऊ द्या,’’ आई म्हणाली.

‘‘आणि पेटी कोण वाजवील? तू?’’

‘‘सुनी.’’

पपा हसले. इतके हसले की त्यांना ठसका लागला. ‘‘सुनीला ताटली वाजवता येत नाही. बरं, ठीक आहे. उत्तम शुक्रवारची तीन तासांची उपासना सुनीनं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवावी. शालूनं पेटीला बोट लावायचं नाही. तेवढं झालं तर मी होय म्हणतो.’’ मामा दारात उभा होता. तो म्हणाला, ‘‘दाजी, शब्द दिला हां,’’ आणि पपा म्हणाले, ‘‘दिला.’’ त्यांना खात्री होती.

आता अडचण बघा. उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, दीड महिन्यावर. चॅपल नगरला, आम्ही भिंगारला, आणि रविवार सोडला तर चॅपल उघडायचं फक्त तालमीच्या संध्याकाळी. घरात पेटी नाही. अक्कानं एका फळीवर खडूनं काळ्यापांढऱ्या पट्ट्या काढल्या आणि ती माझ्या मांडीवर ठेवली. पायांसाठी आईचं मशीन. मी मशीनपुढं बसायची, पाय हलवायची, फळीवर बोटं चालवायची आणि तोंडानं सूर म्हणायची. अक्का माझ्या बोटांवर नजर ठेवून, चुकलं की पट्टीचा फटका. आई शेजारी उभी. तिनं पहिल्याच दिवशी म्हटलं, ‘‘पाय चालतातच आहेत तर झगे तरी होऊ देत,’’ आणि सुईखाली कापड सरकवायला लागली. क्वायरचे त्या वर्षीचे सगळे पांढरे झगे असे माझ्या गीतांवर शिवले गेले. मंद गीतावर शिवलेले आल्टोचे झगे अजून कुठं फाटले नसतील. टेनरचे जलद गीतावर झाले, त्यांच्या एका बाहीत दोन हात मावत आणि दुसरीत एकही नाही. बोटं महिन्याभरात तयार झाली. अक्का सुद्धा म्हणाली, बोटं तयार आहेत. आणि मग पेटीवर बसायची माझी पहिली तालीम आली, जिथं पपा ओरडले आणि कबुतरं उडाली.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर अक्का मला म्हणाली, बस मशीनवर. मी बसले. ती प्रथमच खाली वाकून माझ्या पायांकडे बघत राहिली. मग भिंतीला टेकून जमिनीवर बसली.

‘‘सुने, हे मशीनचे पाय आहेत.’’

मशीनला खाली एकच पाटी असते. दोन्ही पाय तिच्यावर एकदम दाबायचे, एकदम सोडायचे. पेटीची पायडलं दोन, वेगवेगळी, एक खाली तेव्हा दुसरं वर. महिनाभर आम्ही तिघी बायका त्या मशीनभोवती होतो. एक सगळा जन्म पेटीवर बसलेली, एक सगळा जन्म मशीनवर बसलेली. आणि तिघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

‘‘मी बोटंच बघत बसले,’’ अक्का म्हणाली. ‘‘पाय मला कधी शिकवावेच लागले नव्हते गं. मला वाटलं ते सगळ्यांना येतात.’’ ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती स्वतःच्या तळपायांवर हात फिरवत होती. तिथं टाचेपुढं नाण्याएवढे घट्टे होते. ‘‘माझ्यानं आता होत नाही. झोपेतसुद्धा पाय हलतात माझे. विहिरीत जाऊन पडावं म्हटलं, तर विहिरीत पाणी नाही.’’

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘भाकरी खाऊन घ्या दोघी.’’ आणि आम्ही खाल्ली, कारण ती गार झाली असती तर कुऱ्हाड लागली असती.

उत्तम शुक्रवार पंधरवड्यावर आला होता. जे पाय शिकले होते ते आधी विसरायचे आणि मग दुसरे शिकायचे. मामाला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘एवढंच व्हय? आमच्या बँडात खेड्यातली पोरं यायची, त्यास्नी डावा-उजवा म्हाईत नसायचा. आन तिला अंगणात.’’ त्यानं खडूची फळी सुतळी बांधून माझ्या गळ्यात अडकवली, चणे विकणाऱ्याच्या टोपलीसारखी, आणि मला जागच्या जागी कवायत करायला लावली. ‘‘लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट. सुने, गाणं रडकं हाय म्हणून पाय रडके टाकू नकू.’’ मी क्रुसाची गीतं गात, फळीवर बोटं मारत, भर अंगणात धूळ उडवत उभ्या उभ्या चालत होते. लोक कुंपणाला टेकून बघत. एका सुभेदारानं आईला गंभीरपणे विचारलं, मुलीला कुठल्या पलटणीत घेतलंय. मला हसू यायचं नाही. बाजूला अक्का पायरीवर बसलेली असायची, आणि मी एक पाऊल चुकले की तिचा चेहरा असा व्हायचा की जणू मी तिच्याच अंगावर पाय दिलाय. रोज पाणी भरून झालं की कवायत, जेवून झालं की कवायत. शेवटी शेवटी मला साधं चालताना सुद्धा कोणता पाय आधी टाकायचा ते आठवेनासं झालं आणि मी दोनदा उंबऱ्याला अडकून पडले. पण शेवटच्या तालमीला पेटीनं हुस्स केलं नाही. पपांनी नुसती काठी पुसून खिशात ठेवली.

आता उत्तम शुक्रवार. आमच्यात त्या दिवशी दुपारी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरून येशू बोलला ती सात वाक्यं, त्यांना आम्ही सात शब्द म्हणतो, प्रत्येकावर प्रवचन, प्रत्येकानंतर गीत. उपास असतो, आमच्या घरी पाणीसुद्धा घ्यायचं नाही. बाहेर डांबर वितळून चपला रस्त्यात राहत होत्या. आत आम्ही सगळे माझ्याच पायांनी शिवलेल्या झग्यांत उकडत होतो. दुष्काळानं भात्याचं कातडं सुकून तडकलं होतं. पपांनी त्याला सायकलच्या ट्यूबची ठिगळं लावली होती, तरी हवा निसटत होती, म्हणून दुप्पट पाय मारावे लागत होते. तिसऱ्या बाकावर दिनकर मास्तर आणि त्यांची आई, मामानं तिला अट सांगून ठेवलेली. आमची आई पेटीच्या अगदी बाजूच्या बाकावर, पांढरं लुगडं नेसून.

पहिला शब्द गेला. दुसरा, तिसरा, चौथा गेला. मागच्या ओळीतून मामा माझ्याकडे बघून भुवई वरखाली करत होता, डावी, उजवी. माझे पाय चालत होते. अक्काच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला होता असं मला वाटलं.

पाचवा शब्द तहानेचा. पाळकसाहेब तहानेवर बोलायला उभे राहिले, आणि त्या वर्षी त्या विषयावर त्यांना फार सुचलं. आटलेल्या विहिरी, टँकर, फुटलेले ओठ. सगळं चॅपल ओठ चाटत बसलं होतं. एक म्हातारी उठून बाहेर गेली ती रांजणापाशी जाऊन नुसती उभी राहिली म्हणतात. ते प्रवचन माझ्या अंदाजानं दुष्काळाएवढंच लांबलं. आणि तेवढ्या वेळात माझे तापलेले पाय निवले आणि लाकडासारखे झाले.

गीत सुरू झालं. पहिलं कडवं निघालं. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला. गोळा म्हणजे काय, आत कुणीतरी पिळा घालून पोटरी वाळत टाकावी तसं. डावा पाय वर उचलेना. उजवा घाबरला, आणि घाबरून त्याला जे आधी येत होतं तेच त्यानं केलं. तो डाव्याला जाऊन चिकटला. दोघं मिळून मशीन चालवायला लागले. दाब, सोड. दाब, सोड. पेटीनं हुस्स केलं आणि सूर गेला.

क्वायर गात होती, पण आधाराशिवाय. पोरांचा सूर खाली खाली बसायला लागला. मामा एकटा आपला बास धरून उभा होता आणि त्याचं तोंड वांग्याच्या रंगाचं झालं होतं. पपांची काठी माझ्याकडून सुटली आणि सरळ अक्कावर गेली. अक्कावरून पेटीवर. म्हणजे जा. अक्का गात होती. काठी पुन्हा तिच्यावरून पेटीवर गेली. अक्का गात होती. तिसऱ्यांदा पपांनी हात इतका लांब केला की ते पायरीवरून पडले असते. त्यांचे ओठ हलले, ‘शालू’. मी त्यांचा चेहरा पाहिला. राग असता तर मी तो ओळखला असता, लहानपणापासून ओळखीचा होता. हा राग नव्हता. भर पाण्यात पाय न टेकलेल्या माणसाचा चेहरा होता तो. जन्मभर त्यांची काठी जिकडं गेली तिकडं अक्का गेली होती. आणि आता ती पुस्तक दोन्ही हातांत धरून, मान सरळ, समोर बघत गात होती.

तेवढ्यात माझ्या पोटरीवर हात पडला. मला वाटलं आता पोटरी तुटूनच पडली. खाली पाहिलं तर पेटीखाली आई होती. बाकावरून उतरून, गुडघ्यांवर रांगत, लुगड्याचा पदर कमरेला खोचून ती आत शिरली होती.

‘‘पाय काढ,’’ आई म्हणाली.

मी पाय वर घेतले. टांग्यात बसल्यासारखी मी लटकत बसले आणि आईनं दोन्ही पायडलं हातांनी धरली. डावं, उजवं. डावं, उजवं. कणीक तिंबावी तशी, सगळं अंग घालून. भाता भरला. माझी बोटं तिथंच होती, ती खाली आली आणि सूर आला. आम्ही शेवटचं कडवं गाठलं. पुढचा सहावा शब्द, सातवा शब्द, दोन्ही गीतं आईनं खालून आणि मी वरून. पाळकसाहेबांनी ते बघायला नको म्हणून डोळे मिटले आणि प्रार्थना लांबवली. पेटीखालच्या धुळीनं आईला शिंक आली ती तिनं पदरात दाबली, ती मला पायडलांतून कळली.

आता त्या चॅपलमध्ये विजेवरचा कीबोर्ड आहे. एक पोरगा बटण दाबतो आणि आतून अख्खं बँडपथक वाजतं. वीज गेली की सगळे गप्प बसून वीज यायची वाट बघतात, आणि बाकाखाली माझे पाय आपोआप चालायला लागतात. शेजारच्या बाईला वाटतं मला वात आहे. वातही आहेच.

उपासना संपल्यावर बाहेर लिंबाखाली सगळे उभे राहिले. मास्तरांची आई आमच्या आईच्या मळक्या लुगड्याकडे बघत म्हणाली, ‘‘तुमच्यात पेटी वाजवाया दोन बाया लागत्यात व्हय?’’

‘‘मोठी पेटी हाय, बाई,’’ मामा म्हणाला.

‘‘असंल. पन थोरलीनं काय हात लावला न्हाई. मी नीट बघत हुते.’’ ती पपांकडे वळली. ‘‘मग काय म्हनता?’’

पपा झग्यातच उभे होते. सगळी त्यांच्याकडे बघत होती. एवढी माणसं त्यांच्या शब्दावर श्वास धरून उभी, आणि हातात काठी नाही. ‘‘नाही लावला,’’ ते म्हणाले. तेवढंच म्हणाले, आणि तेवढ्यालाच आम्ही होय धरलं.

दिनकर मास्तरांना काहीतरी चांगलं बोलायचं होतं. ते म्हणाले, ‘‘साहेब, मला पाचवं गीत फार आवडलं.’’ पपांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मी मामाच्या मागं गेले.

ईस्टरनंतर लग्न झालं. पेटी मी वाजवली. आई मांडवातून उठून खाली शिरायला तयार बसली होती, पण तशी वेळ आली नाही. पुढं बरीच वर्षं ती पेटी माझ्याच पायांखाली राहिली, ती कहाणी वेगळी आहे आणि तीत अक्का नाही.

पण त्या शुक्रवारची संध्याकाळ सांगायची राहिली. उपास सोडायला आईनं शेंगोळे केले होते. अंगणात अजून उजेड होता. माझी पोटरी तेलानं चोळून बांधून ठेवली होती. आईचे हात पायडलांनी सोलले होते, म्हणून अक्का वाढत होती. मामा जेवत होता आणि त्याच्या जेवण्याचा आवाज येत होता, दुसरा कुणाचाच येत नव्हता. पपांनी ताटात हात घातला नव्हता. वाफ निघून गेली, शेंगोळ्यांवर साय धरली, तरी ते तसेच बसले होते. मग त्यांनी मान वर केली. कचेरीतून आल्यावर पाणी मागायचे त्या आवाजात म्हणाले, ‘‘शालू, मी काठीनं दाखवत होतो. तीनदा दाखवलं. दिसलं नाही का तुला?’’

अक्कानं पळी पातेल्यात ठेवली.

‘‘दिसलं,’’ ती म्हणाली.